घरच्या व्हिडिओ क्लिप्सची डीव्हीडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरातल्या सहा जणांनी आपापल्या फोनवर शूटिंग केलं. सगळं गोळा केलं तेव्हा चौसष्ट क्लिप्स निघाल्या. आजीच्या हातात फोन दिला की बोट लागून भलतंच काहीतरी उघडायचं, आणि मग "ह्यात मी कुठाय रे?" तिच्या टीव्हीखाली मात्र जुना डीव्हीडी प्लेअर होता आणि त्याच्या रिमोटवरचं प्लेचं बटण तिला डोळे मिटूनही सापडायचं. म्हणून डीव्हीडी करायला बसलो. दोन चकत्या फुकट गेल्या, तिसरी चालली. तेव्हापासून नात्यातले, शेजारपाजारचे लोक जे विचारतात त्याची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

पेनड्राईव्ह असताना डीव्हीडी कशाला?

बऱ्याच घरांत खरंच गरज नाही. टीव्हीला यूएसबीचं भोक असेल आणि बघणाऱ्याला फाईल निवडून लावता येत असेल, तर पेनड्राईव्हवर कॉपी करा आणि हे पान इथेच बंद करा. चित्रही जास्त स्वच्छ दिसेल. फक्त दोन गोष्टी बघा. पेनड्राईव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. आणि फोनमधली एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची नवी पद्धत) फाईल जुन्या टीव्हीला वाचता येत नाही, ती एच.२६४ या जुन्या पद्धतीत बदलून घ्यावी लागते.

डीव्हीडी करावी ती माणसासाठी. ज्यांच्याकडे प्लेअर आहे आणि त्याची सवय आहे अशा म्हाताऱ्या माणसांसाठी, किंवा कार्यक्रमानंतर दहा घरी हातात काहीतरी द्यायचं असेल तेव्हा. कोणासाठी करतोय हे आधी ठरवलं की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

क्लिप्स डीव्हीडीवर कॉपी केल्या. लॅपटॉपवर दिसतात, प्लेअर मात्र "नो डिस्क" म्हणतो. असं का?

माझी पहिली चकती अशीच गेली. एमपी४ फाईली डीव्हीडीवर ओढून टाकल्या की तयार होते ती डेटा डीव्हीडी, म्हणजे प्लास्टिकचा पेनड्राईव्हच म्हणा. साध्या प्लेअरला फाईली समजत नाहीत. त्याला चकतीवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर हवा असतो आणि त्याच्या आत तीन प्रकारच्या फाईली लागतात. व्हीओबीमध्ये प्रत्यक्ष चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये कुठलं चित्र कुठे आहे आणि कुठलं बटण दाबल्यावर कुठे जायचं याची यादी, आणि बीयूपी म्हणजे त्या यादीची राखीव प्रत. यादीच्या जागी ओरखडा पडला तर प्लेअर ही राखीव प्रत वाचतो.

शिवाय आतलं चित्र एमपीईजी-२ पद्धतीचंच लागतं. फोन एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये शूट करतो. म्हणून नुसतं एमपी४ चं नाव बदलून व्हीओबी केलं तर काहीही होत नाही. (एकाने करून बघितलं होतं. नाव सांगत नाही, आमच्याच घरातला आहे.)

काही प्लेअरना पुढे यूएसबीची खाच असते आणि ते डिव्हएक्स किंवा एमपी४ फाईलीही वाचतात. तसा प्लेअर असला तर तुमची डेटा डीव्हीडी तिथे चालेलही. पण मामाच्या घरी चालली म्हणून मावशीच्या घरी चालेलच असं नाही.

एकूण काम तीन टप्प्यांचं आहे: क्लिप्स कापून जोडणे, त्यांचा डीव्हीडीच्या साच्यातला फोल्डर तयार करणे, आणि तो चकतीवर बर्न करणे, म्हणजे लिहिणे. नवशिक्यांची गडबड होते ती मधला टप्पा गाळल्यामुळे.

सामान काय काय लागतं?

डीव्हीडी रायटर, म्हणजे चकतीवर लिहिणारं यंत्र. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांत तो नसतोच, यूएसबीने जोडायचा बाहेरचा घ्यावा लागतो. तो मधल्या हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडा. वीज कमी पडली की बर्न अर्ध्यात बंद पडतं. काही रायटरना दोन तोंडांची केबल येते. ती दोन्ही तोंडं लावण्यासाठीच दिलेली असतात.

हार्ड डिस्कवर मूळ क्लिप्स सोडून आणखी वीस-एक जीबी मोकळी जागा ठेवा.

सॉफ्टवेअर फुकटात भागतं. कापाकापीसाठी शॉटकट, डीव्हीडीचा साचा तयार करण्यासाठी डीव्हीडीस्टायलर. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. बर्न करायला विंडोजवर इमगबर्न. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, पण काम चोख. कुठलंही फुकट सॉफ्टवेअर बसवताना प्रत्येक पडदा वाचूनच पुढे जा, "हेही बसवू का?" म्हणून नको ते गळ्यात मारणारे इन्स्टॉलर असतात. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये आलेला डीव्हीडी मेकर विंडोज ८ पासून काढून टाकला, तो शोधत बसू नका. आणि हँडब्रेक उलट्या दिशेचं आहे. ते डीव्हीडीतून एमपी४ काढतं, डीव्हीडी बनवत नाही.

डीव्हीडी मायनस आर की प्लस आर? आणि आरडब्ल्यू?

मायनस आर आणि प्लस आर या एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या चकतीच्या दोन जाती. खूप जुन्या प्लेअरसाठी मायनस आर बरी. पंधरा-वीस वर्षांत घेतलेला प्लेअर असेल तर दोन्ही चालतात, डोकं लावू नका. आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. ती एक नक्की घ्या, चाचणीसाठी. मेन्यूत (चकती लावल्यावर भाग निवडायचा पडदा दिसतो, त्यात) चूक निघाली की पुसा, पुन्हा बर्न करा. मात्र आरडब्ल्यूवरून उजेड कमी परततो आणि काही प्लेअर ती ओळखतच नाहीत. त्यामुळे आरडब्ल्यू चालली नाही म्हणजे तुमचं काम चुकलं असं लगेच धरू नका.

साध्या चकतीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं. कोणी ठकवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. दोन थरांची ८.५ जीबीची चकती मिळते, पण महाग असते आणि जुने प्लेअर थर बदलताना अडखळतात. चार तासांचं लग्न असेल तर मी दोन साध्या चकत्या करतो: एकीवर विधी, दुसरीवर स्वागत समारंभ.

सगळ्यांकडून क्लिप्स गोळा कशा करायच्या?

व्हॉट्सॲपवर मागवू नका. निदान नेहमीसारख्या मागवू नका. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, आणि तोच पुढे आणखी चौघांना गेला की औक्षणाच्या ताटातल्या वातीऐवजी पिवळे ठोकळे दिसतात. मागवायचंच असेल तर "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा, म्हणजे मूळ फाईल २ जीबीपर्यंत जशीच्या तशी येते. त्याहून चांगलं म्हणजे फोन केबलने लॅपटॉपला जोडून काढून घेणं. पाहुणे कार्यक्रम संपवून घरी जायच्या आत हे काम उरका. नंतर "पाठवतो, पाठवतो" म्हणणारे वर्षभर पाठवत नाहीत.

आल्याबरोबर दोन गोष्टी करा. मूळ क्लिप्सचा एक फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्याला हात लावू नका. कामाच्या प्रतींना इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता नावं द्या: आधी आकडा, मग प्रसंग. देवनागरी नावाच्या फाईलवर काही जुनी सॉफ्टवेअर अडतात आणि का अडली ते सांगतही नाहीत.

कापाकापी किती करायची?

निम्मी. खरंच सांगतो. चौसष्ट क्लिप्स मिळून पावणेचार तास भरत होते, त्यातले आम्ही शंभर मिनिटं ठेवले. आजीची तुला चालू असताना पाच फोन एकाच पारड्याकडे रोखलेले होते. त्यातला एकच बघायचा असतो. खिशात चालू राहिलेला कॅमेरा, पंख्याचा आवाज, "अरे, रेकॉर्डिंग चालू आहे का?" हे सगळं गेलं. एक मात्र मुद्दाम ठेवलं. एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळताना एक वात विझली आणि आजीच म्हणाली, "राहू दे, ऐंशीच लाव." ते कुणाच्या तरी फोनवर तिरकं आणि हललेलं आलं आहे. हललेलं म्हणून काढू नये असं काही सापडतंच.

शॉटकट उघडलं की आधी व्हिडिओ मोडमध्ये एचडी १०८०पी, २५ फ्रेम (म्हणजे सेकंदाला २५ सुटी चित्रं) निवडा, मग क्लिप्स टाका. का, ते पाल-एनटीएससीच्या प्रश्नात येईलच.

उभ्या क्लिप्सचं काय करायचं हे हमखास विचारतात. टीव्ही आडवा, क्लिप उभी, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. चित्र ताणून भरू नका, माणसं जाडी दिसतात आणि ज्याची त्याची तक्रार येते. मधलंच कापून मोठं केलं तर डोकी जातात. शॉटकटमध्ये "ब्लर: पॅड" नावाचा फिल्टर आहे, तो त्याच चित्राची धूसर प्रत बाजूंना भरतो. दिसायला बरं दिसतं. पुढच्या वेळी फोन आडवा धरायला सांगा, एवढंच.

आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि बघताना तोच जास्त टोचतो. एका क्लिपमध्ये आजीचं हळू आवाजातलं बोलणं, पुढच्याच क्लिपमध्ये सनई-चौघडा. बघणारा रिमोट हातातून खाली ठेवू शकत नाही. त्याच शॉटकटमधले "नॉर्मलाईझ" फिल्टर प्रत्येक क्लिपचा आवाज सारख्या पातळीवर आणतात.

शेवटी चौसष्ट तुकडे सुटे ठेवू नका. प्रसंगांप्रमाणे जोडून पाच-सहा फाईली करा. आमच्या झाल्या आगमन, होम, औक्षण, तुला, मनोगतं आणि पंगत. सुटे ठेवले तर डीव्हीडीत प्रत्येक तुकडा वेगळा भाग होतो, आणि प्लेअर दर वेळी एका भागातून दुसऱ्यात जाताना क्षणभर काळा पडतो. एक्स्पोर्ट एमपी४, एच.२६४, गुणवत्ता वरची. इथे फाईल लहान करायच्या नादाला लागू नका, ते काम पुढे एकदाच होणार आहे. दोनदा दाबलेलं चित्र दोनदा खराब होतं.

पाल आणि एनटीएससी म्हणजे काय? काय निवडू?

भारतात टीव्हीची पद्धत पाल. डीव्हीडीवर तिचं चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी, ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया पालवाले.

आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. अमेरिकेतल्या प्लेअरांचं तसं नाही. तिथले कित्येक पाल चकती बाहेर ढकलतात किंवा उड्या मारणारं काळं-पांढरं चित्र दाखवतात. न्यू जर्सीच्या आत्याला मी कौतुकाने पाठवलेली चकती तिने शेवटी लॅपटॉपवर बघितली. संगणकाला दोन्ही चालतात. तेव्हा तिकडे पाठवायची प्रत एनटीएससीमध्ये वेगळी करा. रिजन कोडची, म्हणजे चकती कुठल्या देशांत चालेल याच्या कुलपाची, काळजी नको. तो सिनेमाच्या विकतच्या चकत्यांना असतो, घरच्या चकत्या सगळीकडे चालतात.

आता खरी मेख. फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेम घेतात. त्याची २५ फ्रेमची पाल डीव्हीडी करताना दर सेकंदाला पाच फ्रेम गाळल्या जातात. बसून बोलणाऱ्या माणसात ते कळत नाही, पण कॅमेरा हॉलभर फिरवला असेल किंवा मुलं धावत असतील तर बारीक झटके दिसतात. डोळ्याला खुपत असेल तर दोन उपाय आहेत. एक, एनटीएससीच करा. चित्रातल्या आडव्या रेघा थोड्या कमी होतील (५७६ ऐवजी ४८०) पण हालचाल सलग राहील. तेव्हा शॉटकटमध्येही २५ ऐवजी २९.९७ निवडायचं. दुसरा उपाय पुढच्या कार्यक्रमासाठी: आधीच सगळ्यांना फोन २५ फ्रेमवर लावायला सांगा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण आहे. याचा आणखी एक फायदा म्हणजे आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेमला कार्यालयातल्या ट्यूबलाइटची लुकलुक पकडली जाण्याची शक्यता कमी होते.

एका चकतीवर किती वेळाचं मावतं?

"दोन तास" हे नेहमीचं उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. चकती मिनिटं मोजत नाही. दर सेकंदाला किती माहिती द्यायची हे तुम्ही ठरवता, त्यालाच बिटरेट म्हणतात. माझा तोंडी हिशेब असा: ६०० ला एकूण मिनिटांनी भागा, जे येईल तेवढे मेगाबिट दर सेकंदाला. त्यातले ०.२ आवाजाला, बाकी चित्राला. आमची शंभर मिनिटं होती, म्हणजे ६, चित्राला ५.८. झकास. दोन तासांना ५ येतात, तेही चांगलं. तीन तासांना ३.३ उरतात आणि मग अंतरपाट बाजूला होऊन अक्षता उडाल्या की चित्राचे चौकोन पडायला लागतात. हलणाऱ्या बारीक गोष्टी बिटरेट सगळ्यात जास्त खातात.

उलट बाजूने, अर्ध्या तासाचाच व्हिडिओ असेल तर भागाकार २० येईल, पण डीव्हीडीत चित्राची मर्यादा ९.८ मेगाबिट आहे. मी ८ च्या वर जात नाही. घरी बर्न केलेली चकती एवढ्या वेगाने वाचताना जुने प्लेअर धापा टाकतात.

डीव्हीडीस्टायलरमध्ये नेमकं काय करायचं?

नवा प्रोजेक्ट उघडला की ते आधीच विचारतं: चकतीचं नाव, क्षमता, गुणवत्ता, पाल की एनटीएससी, ४:३ की १६:९. क्षमता ४.७, गुणवत्ता ऑटो ठेवली तर वरचा भागाकार ते स्वतःच करतं. फोनच्या क्लिप्सना १६:९. हा पर्याय नंतर बदलायला गेलात तर मेन्यूची मांडणी बिघडते, म्हणून पहिल्याच पडद्यावर नीट बघा.

मग जोडलेल्या फाईली क्रमाने खालच्या पट्टीत ओढा. मोठ्या भागाला चॅप्टर (आतल्या थांब्यांच्या खुणा) पाडा, दर पाच-दहा मिनिटांनी पुरे. रिमोटचं पुढे जाण्याचं बटण चॅप्टरवरच उडी मारतं. चॅप्टर नसतील तर पंगतीतलं एक वाक्य बघायला पूर्ण पंगत बघावी लागते.

शेवटी बर्न दाबल्यावर थेट चकतीवर लिहू नका, आयएसओ फाईल बनवायला सांगा. आयएसओ म्हणजे अख्ख्या चकतीची एकाच फाईलमधली प्रत. साधा लॅपटॉप असेल तर याला दोन-तीन तास लागू शकतात, रात्री लावून झोपा. सकाळी ती फाईल व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा आणि मेन्यूसकट चालवून बघा. चूक निघाली तर फाईल पुसायची, चकती वाया जात नाही. पुढे कोणी आणखी प्रत मागितली तरी हीच फाईल, दहा मिनिटांचं काम.

मेन्यू कसा असावा?

कमीत कमी. उडती फुलं, फिरती अक्षरं, मागे वाजणारं गाणं यांचा मोह प्रत्येकाला पहिल्यांदा होतो. मलाही झाला. पण मेन्यूवर टीव्ही तसाच सोडला की तीस सेकंदांचं ते गाणं जेवण होईपर्यंत वाजत राहतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी मी मेन्यू पहिल्यांदा दाखवतच नाही. चकती घातली की सरळ व्हिडिओ सुरू, मेन्यू रिमोटच्या बटणावर. आणि एक भाग संपला की मेन्यूवर न परतता पुढचा भाग सुरू व्हावा, हे त्या भागाच्या सेटिंगमध्ये सांगून ठेवायचं असतं. आजीने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की औक्षणानंतर "बंद पडलं". बंद काही पडलं नव्हतं, मेन्यू बटण दाबायची वाट बघत उभा होता.

मराठी मथळे मी मेन्यूच्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करत नाही. जोडाक्षरं सुटी झाली, वेलांटी भलत्या अक्षरावर गेली तर पुन्हा सगळं आलं. पार्श्वभूमीचं चित्रच वेगळं तयार करायचं, त्यावर अक्षरं आधीच लिहिलेली, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यावर नुसती बटणं ठेवायची. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून चारी बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडा. नाहीतर "सहस्रचंद्रदर्शन" चं "हस्रचंद्रदर्श" होतं.

बर्न करताना कोणता वेग ठेवू?

४ एक्स किंवा ८ एक्स, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या चारपट किंवा आठपट. चकतीवर १६ एक्स छापलेलं असलं तरी. ४ एक्सला भरलेली चकती चौदा-पंधरा मिनिटं घेते, तेवढी द्या. इमगबर्नमध्ये "राईट इमेज फाईल टू डिस्क" निवडायचं, वेग ठरवायचा आणि व्हेरिफायची खूण ठेवायची. लिहून झाल्यावर ते सगळं परत वाचून ताडून बघतं. विंडोजमध्ये आयएसओवर राईट क्लिक करूनही बर्न होतं, मॅकवर फाइंडरमधून आणि लिनक्सवर ब्रासेरो किंवा के३बीने.

तेवढा वेळ लॅपटॉपला दुसरं काम देऊ नका, चार्जर लावून ठेवा.

चकती शेवटच्या वीस मिनिटांत अडकते. काय चुकलं?

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो. कडेला बोटांचे ठसे जास्त, चकतीचा दर्जा कमी असला तर तिथेच आधी उघडा पडतो, आणि वेगाने बर्न केलं असलं तर चुकाही तिकडेच जास्त. आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसून बघा, गोल गोल पुसू नका. तरी अडकली तर दुसऱ्या प्लेअरवर लावा. दोन्हीकडे एकाच जागी अडकत असेल तर चकती वाईट. आयएसओवरून दुसऱ्या कंपनीच्या चकतीवर कमी वेगाने पुन्हा बर्न करा. वेगवेगळ्या जागी अडकत असेल तर प्लेअरची लेन्स धुळीने भरली असेल. चकती काठोकाठ भरू नये, थोडी मोकळी सोडावी, ती बाहेरच्या कडेच्या याच भानगडीमुळे.

लॅपटॉपवर चालते आणि प्लेअरवर अजिबात नाही, तर पुन्हा वरचा दुसरा प्रश्न वाचा. दहातले आठ जण तिथेच सापडतात.

फोनवर इतकं स्वच्छ दिसतं, टीव्हीवर धूसर का?

कारण डीव्हीडी १९९० च्या दशकातली वस्तू आहे. तिच्या एका पाल चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. फोनच्या १०८०पी चित्रात २० लाख ७३ हजार, ४के मध्ये जवळजवळ ८३ लाख. म्हणजे ४के मधून डीव्हीडी केली तर वीस ठिपक्यांमागे एक उरला. त्यात आजचा टीव्ही त्रेचाळीस इंची, तो हे चित्र ताणून दाखवतो. बत्तीस इंचीवर, नेहमीच्या अंतरावरून हे जाणवत नाही. सेटिंग बदलून यात काही मिळत नाही. मूळ क्लिप्स जपून ठेवा म्हणतो ते म्हणूनच. डीव्हीडी झाली म्हणून फोनमधलं पुसून टाकणाऱ्यांनी नंतर हळहळ व्यक्त केलेली मी ऐकली आहे.

लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. तिची होईल का?

होईल, आणि आधी तीच करा. फोनच्या क्लिप्स थांबतील, कॅसेट थांबणार नाही.

चालणारा व्हीसीआर आणि यूएसबीचं कॅप्चर यंत्र लागतं. व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेतून चित्र येतं, पांढऱ्या-लालमधून आवाज. कॅसेट जितक्या वेळाची तितकाच वेळ कॅप्चरला, घाई चालत नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे आधी टॉर्च मारून बघा. कोकणातल्या घरांत तर हमखास पांढरी पूड दिसते, ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ती पूड यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटनाही लागते. अशी कॅसेट साफ करून देणाऱ्याकडेच द्या.

कॅप्चर केलेलं चित्र लॅपटॉपवर बघताना हलणाऱ्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. घाबरू नका, तो बिघाड नव्हे. जुनं चित्र एकाआड एक रेघांचं असतं, त्यालाच इंटरलेस्ड म्हणतात, आणि डीव्हीडीला ते तसंच चालतं. सॉफ्टवेअरमध्ये इंटरलेस्ड पर्याय ठेवा. कॅसेटसाठी प्रमाण ४:३. सोळा-नऊ निवडलंत तर नवरा-नवरी दोघंही रुंद होतील.

मिनीडीव्ही (डिजिटल हँडीकॅमची छोटी) कॅसेटला फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीची केबल लागते, तासाला १३ जीबी जागा जाते आणि चित्र मूळ दर्जाचं मिळतं. छोट्या चकतीवर शूट करणारा हँडीकॅम असेल तर त्या चकत्या कॅमेऱ्यातच फायनलाईझ (लिहिणं पूर्ण करून बंद) कराव्या लागतात, त्याशिवाय दुसरं यंत्र त्या वाचत नाही. कॅमेरा भंगारात द्यायच्या आधी हे आठवा.

चकतीवर नाव कसं लिहू? जपायची कशी?

सीडीसाठी मिळणाऱ्या मार्करने, बॉलपेनने नाही. गोल चिकटपट्टी लावू नका. ती एका बाजूने सुटली की फिरताना तोल जातो. प्रसंग, तारीख आणि "पाल" किंवा "एनटीएससी" एवढं लिहा. चकत्या डब्यात उभ्या ठेवा, उन्हाच्या खिडकीत आणि टीव्हीच्या मागच्या गरम फटीत नको. लिहिण्याच्या चकतीत रंगाचा थर असतो, ऊन त्याला मारक.

एवढं करण्यापेक्षा दुकानात दिलं तर?

कॅसेट असेल तर जरूर द्या; यंत्रं जुळवण्यापेक्षा स्वस्त पडतं. देताना काय हवं ते सांगा, नाहीतर नुसती डीव्हीडी हातात येते. मी एकदा न सांगता दिली. तीन तासांचं सगळं एका चकतीत कोंबून, वर दुकानाचं नाव कोपऱ्यात कायमचं छापून मिळालं. आता आधीच सांगतो: चित्रावर काही छापायचं नाही, चकतीमागे दोन तासांच्या वर नाही, डीव्हीडीसोबत कॅप्चरची मूळ फाईलही पेनड्राईव्हवर हवी. आणि कॅसेट देताना मोजून द्या, घेताना मोजून घ्या, खोक्यातल्या कॅसेटवर आपल्याच घरचं नाव आहे ना तेही बघा.